यीस्टच्या घरात पडलेली वहिनी

लग्न होऊन घरात आल्यावर वहिनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं: "नखं दाखव."

नणंदेने भावजयीला छळावं ही जगाची रीत, आणि मी त्याची थोडी तयारीही करून ठेवली होती. पण इथे पारडंच फिरलं. मी निमूट हात पुढे केले. तिने ते खिडकीच्या उजेडात धरले, उलटसुलट पाहिले आणि निकाल दिला, "पीठ आहे." मी म्हणाले, "वहिनी, बेकरीतल्या मुलीच्या नखात पीठच असणार, सोनं कुठून आणू?" ती हसली नाही. तिला विनोद कळत नाही अशातला भाग नाही. तिला तो जरा उशिरा, हात धुऊन झाल्यावर कळतो.

आमचं खाली दुकान आणि वर घर. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, भट्टी सांभाळतो. मी गल्ल्यावर बसते. आई वरच्या मजल्यावरून सूचना करते, त्या कुणी ऐकत नाही म्हणून जास्त मोठ्याने करते. आणि वहिनी रोज सकाळी बसने प्रयोगशाळेत जाऊन पेशी पाळते. पाळते हाच शब्द बरोबर आहे. काचेच्या बाटल्यांतून त्या पेशी वाढतात, त्यांना उबेत ठेवावं लागतं, वेळेवर खायला घालावं लागतं, घाण काढावी लागते. मूळच्या त्या कुठल्याशा उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या. त्यांना शिकवून ठेवलं की त्या सांगाल ते प्रोटीन तयार करून देतात. कुरकुर नाही, सुट्टी नाही. दादा म्हणतो, असे कामगार मलाही आण.

आता गंमत बघा. ह्या पेशींचा जगात सगळ्यांत मोठा वैरी कोण? यीस्ट. आणि आमचं सगळं घर पोसतं कोण? यीस्ट. म्हणजे ज्याच्या जिवावर सासर जगतं, त्याचा एक कण माहेरी जाऊ नये म्हणून ही बाई आयुष्यभर हात धुते आहे. माहेर म्हणजे तिची पेशींची खोली. आईबापांच्या घरी ती सणासुदीलाही जात नाही, पण पेशींना एक दिवस भेटली नाही तर तिला चैन पडत नाही.

एकदा जेवताना दादाला प्रेमाचं भरतं आलं. "खरं सांगू? आपलं दोघांचं काम एकच आहे. उबेत ठेवायचं आणि वाढायची वाट बघायची."

वहिनीने हातातला घास ताटात ठेवला. "माझ्या पेशींना दुप्पट व्हायला अख्खा दिवस लागतो. तुझं यीस्ट तेवढ्या वेळात माझी टाकी साफ करून वर ढेकर देतं."

"ढेकर देतं म्हणूनच तर पाव फुगतो," दादा अभिमानाने म्हणाला.

वहिनीने ताट उचललं आणि ती हात धुवायला गेली.

ह्या दोघांचं जमलं तेही भांडणातूनच. प्रयोगशाळेची बस आमच्या दुकानासमोर थांबते. एक दिवस ही तरतरीत मुलगी रस्ता ओलांडून आली आणि दारातूनच विचारलं, "तुमचा हवा बाहेर फेकणारा पंखा आमच्या थांब्याकडे तोंड करून का आहे?" लोकांना आमच्या पंख्याचा वास आवडतो, वासाने गिऱ्हाईक आत येतं. पण हिच्या केसांत तो बसतो म्हणे, आणि केसांतून पेशींकडे जातो. दुसऱ्या दिवशी दादाने भिंत फोडून पंखा मागच्या बोळाकडे फिरवला. लोक प्रेमापायी काय काय करतात, आमच्या दादाने भिंत फोडली. धंदा महिनाभर बसला. पण ती रोज रस्ता ओलांडून पंखा फिरलेलाच आहे ना, हे बघायला यायला लागली.

"तुला दादात काय आवडलं गं?" मी नंतर विचारलं होतं. तिने जरा विचार केला. "त्याची नखं स्वच्छ होती."

बस्स. एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याबद्दल ह्याहून गोड वाक्य तिच्या तोंडून आम्ही ऐकलेलं नाही. दादा बडबड्या, दिवसभर कौतुक करणारा. तो म्हणाला, "आज तू छान दिसतेस," की ही म्हणणार, "बाही झटकून बोल." जिन्याच्या वरच्या पायरीवर तिने निळी चिकटपट्टी लावून ठेवली आहे. तिच्या पलीकडे पिठाच्या चपला जात नाहीत. दादा कामावरून आला की पट्टीपाशी चपला काढतो, न्हाणीघरात जातो, आणि अंगाला साबणाचा वास सुटल्याशिवाय स्वतःच्या खोलीत पाऊल टाकत नाही. आई म्हणते, "माझ्या पोराचं कातडं झिजलं." आणि दुकानातला पाव वहिनी खात नाही. तिला तो वासच सहन होत नाही, असं तिचं म्हणणं. आम्ही ते खरं मानून चाललो होतो.

तर, ती नक्की करते काय? हे आईनेच एकदा तिला पकडून विचारलं, म्हणून मलाही कळलं.

"व्हायरस पेशीत शिरतो तो दाराची कडी धरून," वहिनी म्हणाली. "प्रत्येक पेशीला तशी कडी असते. आम्ही काय केलं, नुसती कडीच वेगळी बनवली आणि तिला अँटीबॉडीची शेपटी जोडली."

"आणि?"

"अशा पुष्कळ खोट्या कड्या रक्तात सोडायच्या. व्हायरस त्याच धरून बसतो. खऱ्या दारापर्यंत पोचतच नाही."

"चोराच्या हातात खोटी कडी द्यायची," आईला एकदम पटलं. "पण शेपटी कशाला मेली?"

"नुसती कडी सोडली तर शरीर ती लगेच गाळून बाहेर टाकतं. शेपटी असली की शरीराला वाटतं, हे आपलंच माणूस आहे. मग ती खूप दिवस राहते. शिवाय शेपटी बघून पहारेकरी पेशी धावत येतात."

"म्हणजे मुंडकं एकाचं आणि शेपूट दुसऱ्याचं." आईने माझ्याकडे पाहिलं. "आमच्या संसारासारखंच की."

हा व्हायरस सर्दीसारखा येतो आणि छातीत उतरतो. दर थोड्या वर्षांनी कपडे बदलतो, मग जुन्या लसीने तयार झालेल्या अँटीबॉडी त्याला ओळखत नाहीत. पण कपडे कितीही बदलले तरी दार उघडायला त्याला कडीलाच हात घालावा लागतो, अशी ह्या लोकांची आशा. काही माणसांना लस टोचली तरी शरीर ढिम्म हलत नाही. कुणाचं मूत्रपिंड बदललेलं असतं, कुणाला रक्ताचा कर्करोग असतो. त्यांना ही कडी बाहेरून देता येईल. "देता येईल का, ते अजून माहीत नाही," वहिनी प्रत्येक वेळी बजावायची. तिला अर्धवट खरं बोललेलं खपत नाही. आईने मात्र शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं की आमच्या सुनेने व्हायरसचं औषध काढलं, आता फक्त बाटल्या भरायच्या राहिल्यात.

बाटल्या भरायच्या आधी कडी भरपूर बनायला हवी होती. जिवंत व्हायरस ठेवायची परवानगी दुसऱ्या एका प्रयोगशाळेला होती. तिथे ती पाठवायची, तिथले लोक खऱ्या व्हायरसवर ती वापरून बघणार. त्यांनी तारीख दिली होती. त्यासाठी छोट्या बाटल्यांतल्या पेशी एका मोठ्या स्टीलच्या टाकीत वाढवायच्या होत्या. वहिनीच्या भाषेत बॅच, आमच्या भाषेत घाणा.

पहिल्या घाण्याच्या वेळी ती दुपारीच घरी आली आणि जिन्यात बसली. निळ्या पट्टीच्या अलीकडे, पिठाच्या पायरीवर. मी समजले, काहीतरी भयंकर घडलंय.

"आज टाकीतला नमुना काढला," ती म्हणाली.

"मग?" दादा हात पुसत आला.

"आपल्या दुकानाचा वास आला."

दादाचा चेहरा क्षणभर खुलला. मग त्याला अर्थ कळला.

यीस्ट. टाकीभर. पेशी उपाशी मेल्या होत्या आणि टाकी खुशाल फसफसत होती.

मग तिच्या साहेबीण आमच्याकडे आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. मोठ्या बाई उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण बोलायला लागल्या की आपणच खाली बघतो. त्या दारात उभ्या राहिल्या. भट्टीतून पाव निघत होते, पीठ उडत होतं, दादा लांब दांड्याचं फावडं घेऊन घामाघूम झाला होता.

"इथे नुसता श्वास घेतला तरी यीस्ट पोटात जात असेल," त्या म्हणाल्या.

"जातं ना," दादा म्हणाला. "म्हणून तर आमच्याकडे सगळे असे फुगलेले."

मोठ्या बाईंनी पिशवीतून कापसाचे बोळे लावलेल्या काड्या काढल्या आणि दाराच्या मुठी, जिन्याचा कठडा, वहिनीची पिशवी, सगळ्यावरून फिरवल्या. दादाच्या कानामागूनही एक फिरवली. दादाला गुदगुल्या होतात. जाताना त्यांनी अर्धा डझन बन बांधून घेतले. मी विचारलं, "हे तपासणीसाठी का?"

"नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "चहाबरोबर."

तपासणीत व्हायचं तेच झालं. सगळ्या काड्यांवर यीस्ट, कानावर सगळ्यांत जास्त. वहिनीने नियमांची वेसण आणखी आवळली. प्रयोगशाळेत पोचल्यावर पुन्हा अंघोळ. तिथले कपडे तिथेच. घरातली एकही वस्तू आत न्यायची नाही, पेन नाही, रुमाल नाही, केसांची पिनसुद्धा नाही. हा नियम तिनेच लिहून दारावर लावला आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, अपवाद नाही.

ह्याच सुमारास आमच्या घरात एक दुसरी भानगड चालू होती. दादाचा राखाडी स्वेटर सापडत नव्हता. थंडी पडली तेव्हापासूनच. तो स्वेटर आईने विणलेला, कोपराला भोक पडलेला, आणि त्याची उजवी बाही डावीपेक्षा चांगली दोन बोटं लांब, कारण ती विणताना आईचं शेजारणीशी भांडण चालू होतं आणि भांडणाच्या भरात तिला थांबायचं भान राहिलं नाही. पहाटे भट्टी पेटेपर्यंत दादा तो घालायचा. त्याला मैद्याचा, घामाचा आणि जळक्या लाकडाचा मिळून असा वास होता की भूक लागावी आणि जाऊ नये.

"तूच टाकलास," दादा माझ्यावर घसरला. "ट्रे पुसायला घेतला असशील."

"माझ्या ट्रेंनी काय पाप केलंय?" मी म्हणाले.

"कबूल कर. मी रागावणार नाही." असं म्हणताना तो रागावलेलाच होता.

महिनाभर हे चाललं. वहिनी समोर बसलेली असायची, एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, डोक्यात टाकी आहे बिचारीच्या.

दुसरा घाणाही गेला. ह्या वेळी मोठ्या बाई आल्या नाहीत, वहिनीलाच बोलावून सांगितलं. तिसरा घाणा शेवटचा. तोही फसला तर तारीख दुसऱ्या कुणाला जाईल, शेपटीवाली कडी कायमची गोठवणीच्या कपाटात जाईल आणि वहिनी पेशींच्या खोलीतून कागदपत्रांच्या टेबलावर. "काम चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही राहता चुकीच्या घरात."

हे वाक्य वहिनीने आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. मग उठून कपडे भरायला लागली. तिसरा घाणा होईपर्यंत ती प्रयोगशाळेच्या आवारातल्या पाहुण्यांच्या खोलीत राहणार होती. आम्हा कुणाचा स्पर्शही नको. दादा पट्टीच्या अलीकडे उभा राहून बघत होता. "मी महिनाभर बेकरी बंद ठेवतो," तो म्हणाला. आणि तो ठेवणार होता, मी त्याला ओळखते, ज्याने भिंत फोडली तो काहीही करेल.

"आणि खाशील काय?" वहिनी म्हणाली. "उगाच काहीतरी बोलू नकोस. स्वेटर न घालता पहाटे खाली जातोस, नवा घे एखादा." आणि गेली.

पेशींचं काय माहीत नाही, पण दादा त्या दिवसांत पार सुकला. दुपारचं दुकान मिटलं की तो साबण लावून अंग घासायचा आणि प्रयोगशाळेच्या कुंपणाबाहेर जाऊन उभा राहायचा. ती वरच्या मजल्यावरच्या खिडकीत यायची. मध्ये रस्ता, कुंपण, बाग आणि काच, म्हणून दोघं फोनवर बोलायची. मी एकदा सोबत गेले होते.

"हात धुतलेस?" तिचा पहिला प्रश्न.

"अगं, तू वर, मी खाली. फोनमधून येतं का यीस्ट?"

"सवय मोडू नये म्हणून."

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो."

मग दोघंही नुसती उभी. एवढ्यासाठी हा माणूस रोज एवढी पायपीट करतो, ह्याचा मला राग आला आणि परतताना त्याला मीच चहा पाजला.

टाकी चांगली चालली होती. पेशी वाढत होत्या, पाणी निवळ होतं. आणि मग एका सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला, तोही मला. "तुम्ही आणि तुमचे भाऊ ताबडतोब या. अंघोळ करून."

त्यांची खोली पेशींच्या खोलीच्या अलीकडे, मध्ये काचेचं दार. टेबलावर एक छोटी बाटली होती. आतलं पाणी दुधासारखं गढूळ.

"ही जादा ठेवलेली बाटली," त्या म्हणाल्या. "टाकी अजून स्वच्छ आहे, पण हिच्यात यीस्ट आलं. तुमची वहिनी इथून हललेली नाही. तेव्हा मला खरं ऐकायचंय." त्या दादाकडे वळल्या. "तुम्ही दोघं कुठे भेटता?"

"खिडकीत," दादा म्हणाला.

"खिडकी सोडून."

"बाई, स्वतःच्याच बायकोला चोरून भेटायला मी काय कॉलेजातलं पोर आहे?"

"रस्त्यात? बागेत? कुंपणावरून उडी मारून?"

"ह्या पोटाने?" दादाने पोटावर हात ठेवला. मोठ्या बाईंनी पोट पाहिलं आणि तो मुद्दा सोडला.

माझ्याकडे वळून त्या काही विचारणार तोच काचेपलीकडे हालचाल झाली. नवऱ्याला चौकशीला बोलावलंय हे वहिनीला कुणीतरी सांगितलं असावं. ती पेशींच्या खोलीतून धावत बाहेर आली, टोपी ओढली, हातमोजे भिरकावले, पांढऱ्या गाऊनच्या नाड्या सोडून तो तिथेच टाकला आणि दार ढकलून आत आली. "त्याचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "तो रोज साबण लावतो. मी विचारते."

दादाचं बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तो खुर्चीतून अर्धवट उठला होता आणि बोट दाखवत होता.

"माझा स्वेटर!"

राखाडी. कोपराला भोक. डावी बाही मनगटाशी आणि उजवी दोन बोटं खाली, हाताच्या पंजावर आलेली.

"बघ! बघ!" मी दादाला म्हणाले. "ट्रे पुसले म्हणे! माफी माग आधी!" एवढं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे कुणाचंच लक्ष नाहीये. वहिनी स्वतःच्या उजव्या बाहीकडे बघत होती. तिचा चेहरा त्या बाटलीसारखा पांढरा झाला होता. गाऊनची बाही इथे संपते, हातमोजा इथे सुरू होतो, आणि मधून आईचं आणि शेजारणीचं ते जुनं भांडण दोन बोटं बाहेर डोकावतंय. पेशींच्या उघड्या बाटलीच्या तोंडावर.

मोठ्या बाई हळू आवाजात बोलल्या. आवाज हळू झाला की जास्त भीती वाटते त्यांची. "हा कधीपासून?"

"नवीन थंड हवेचं यंत्र बसवलं तेव्हापासून. आत गारठा असतो."

"तुमच्याकडे स्वतःचे स्वेटर नाहीत?"

"आहेत."

"मग?"

वहिनीने उजवी बाही दुसऱ्या हाताने धरली.

"निदान धुतला होतात का?"

"नाही."

"तुम्ही? न धुता?" मोठ्या बाईंना यीस्टपेक्षा ह्याचाच धक्का जास्त बसला. "का?"

"धुतला की वास जातो," वहिनी म्हणाली.

मी दादाकडे बघितलं. दादा जमिनीकडे बघत होता.

"घरातली एकही वस्तू आत आणायची नाही, हा नियम कुणाचा?"

"माझा."

"अपवाद नाही, हे कुणी लिहिलं?"

"मीच." तिने बाही दुसऱ्या हाताने घट्ट धरली होती. ती खोटं बोलत नाही, तिला येतच नाही ते. "मी सगळं तपासलं होतं. पिशवी, चपला, केस, सगळं. जे जे बाहेरचं होतं ते काढून टाकलं. हा बाहेरचा आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही."

मला रडू फुटलं. ते लपवायला मी खोकले, तर मोठ्या बाई चटकन दोन पावलं मागे सरकल्या.

नंतर सगळं वहिनीनेच सांगितलं, शिक्षासुद्धा. तिने टाकीपाशी जायचं नाही, मोठ्या बाईंनी स्वतः ती सांभाळायची. आधीच्या दोन वेळी यीस्ट छोट्या बाटल्यांतूनच टाकीत गेलं असणार; ह्या वेळी टाकीत ओतलेल्या बाटल्या स्वच्छ होत्या, आणि पुढे टाकीला ती नळ्यांतूनच खाऊ घालायची, टाकीचं तोंड कधी उघडायची नाही, म्हणून थोडी आशा होती. आणखी दोन दिवस पाणी निवळ राहिलं तर वाचलो. स्वेटर दुहेरी पिशवीत बंद करून जप्त झाला. आम्ही तिघं घरी आलो. दादा, जो पावाच्या ट्रेशीही गप्पा मारतो, तो सगळ्या रस्त्यात एक अक्षर बोलला नाही.

ते दोन दिवस वहिनी खाली दुकानातच बसून होती, भट्टीजवळ मैद्याच्या पोत्यावर. आता कशाला सांभाळायचं, असं तिच्या बसण्यातच होतं. तिच्या केसांवर पीठ पडत होतं आणि ती झटकत नव्हती. मला ते बघवेना. इतकी वर्षं मी जिच्या हात धुण्याला हसले, तिने हात धुवावेत म्हणून मी तळमळत होते. आई वरून ओरडत होती, "मी अजून विणते! दोन्ही बाह्या सारख्या विणते!"

फोन आला तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी तो उचलून वहिनीच्या कानाला लावला. तिने ऐकलं, फोन परत दिला, उठली, मोरीपाशी गेली, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुसले. आणि मग हसायला लागली. इतकी की गिऱ्हाइकं सुटे पैसे घ्यायची विसरून बघत राहिली.

टाकी निवळ होती.

कडी बनली, गाळली गेली, तारखेला पोचली. त्या दुसऱ्या लोकांनी खऱ्या व्हायरसला ती दाखवली, आणि काचेच्या ताटल्यांतल्या पेशी वाचल्या. चोर खोट्या कड्या धरून बसला. "ताटलीत," वहिनीने आईला बजावलं. "माणसात नाही. आता प्राण्यांत बघतील. माणसांपर्यंत अजून खूप लांब आहे, मध्येच अडकेलही." आईने मान डोलावली आणि खाली जाऊन शेजारणीला सांगितलं की औषध निघालं आणि सगळं स्वेटरमुळे झालं.

वहिनीला पेशींच्या खोलीत परत घेतलं. दारावरच्या नियमाखाली आता मोठ्या बाईंच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: नवऱ्याचे कपडेही नाहीत. स्वेटरही परत मिळाला. पण परत देण्याआधी त्यांनी तो वाफेच्या भांड्यात उकडून निर्जंतुक केला होता. लोकरच ती, आक्रसून बाहुलीला बसेल एवढी झाली. उजवी बाही मात्र अजून लांबच. वहिनीने तो नाकाशी नेला, काहीच वास आला नसावा, आणि घडी करून कपाटात ठेवला.

त्या रविवारी दादा भट्टीत पाव लावून, तसाच पिठाच्या कपड्यांत बाजारात जाऊन आला. पिशवीतून त्याने एक पुडकं काढलं आणि निळ्या पट्टीपलीकडे, हात लांब करून, वहिनीपुढे धरलं. नवा कोरा स्वेटर, राखाडी. पाकिटावरची चिकटपट्टीसुद्धा उघडलेली नव्हती.

"दुकानदारालाही हात धुवायला लावले," दादा म्हणाला. "मी फक्त बाहेरून धरलाय. आत यीस्टचा कण नाही. थंडी वाजली तर असू दे तुला."

वहिनीने पाकीट घेतलं, उलटसुलट केलं, उजेडात धरलं. अगदी माझी नखं तपासली होती तसं.

"चांगला स्वच्छ आहे," दादा पुन्हा म्हणाला.

"मग काय उपयोग?" वहिनी म्हणाली.

तिने चिकटपट्टी टरकन ओढली, स्वेटर बाहेर काढला आणि दादाच्या पिठाने भरलेल्या छातीवर ठेवला. "आधी तू घाल हिवाळाभर. मग मला दे. घरात घालीन."

दादा तिथेच उभा राहिला, पट्टीवर, एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे. आणि ती त्याला पाय मागे घे म्हणाली नाही.

तेवढ्यात मला वास आला. मी धावत खाली गेले. दादाने भट्टी हातात घेतली तेव्हापासून त्याच्या हातून एक पाव करपल्याचं कुणी सांगू शकत नाही. त्या दिवशी भट्टीतला अख्खा घाणा कोळसा झाला होता.